शहाडच्या पोराचा मोटारसायकल परवाना : पैसे कशाचे द्यावेत?



दिवाळीला मुले घरी आली की शेतकी गट कार्यालयात एक चौकशी हटकून येते. पोरगा शहाडला कामाला लागला आहे, चौघांत मिळून खोली घेतली आहे, ड्युटीला जायला गाडी हवी. तर लायसनचे कसे करायचे, आणि तिकडचा माणूस मागतो तेवढे पैसे द्यायचे का? आपल्या भागातून माळशेज घाट उतरून कल्याण, शहाड, उल्हासनगरकडे पोटापाण्याला गेलेली मुले थोडीथोडकी नाहीत. प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर खुलासा केलेला बरा, म्हणून हा लेख.

आधी एक हकिकत. नावे सांगत नाही. आपल्या एका सभासदाच्या मुलाने तिकडच्या एका माणसाला ‘सगळे मिळून’ म्हणून एकरकमी पैसे दिले. शिकवणी झाली दोन सकाळी, तीही स्कूटरवर. परीक्षेच्या दिवशी त्याच स्कूटरवर बसवले, पोरगा पास झाला, कार्ड घरी आले. कार्डावर काय लिहिले आहे ते घरात कोणी वाचले नाही. तो परवाना बिनगिअरच्या दुचाकीचा होता. पोरगा गावी आला की वडिलांची गिअरची मोटारसायकल घेऊन फिरू लागला. एका संध्याकाळी अंधारात उसाच्या ट्रेलरवर मागून आदळला, पाय मोडला. (ट्रेलरला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हे दुखणे आपल्याच घरचे आहे, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी लिहू.) विमा कंपनीने परवाना मागितला. गाडी गिअरची आणि परवाना बिनगिअरचा, तेव्हा गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडकला. दवाखान्याच्या खर्चापायी त्या वर्षीचे उसाचे बिल जवळपास संपले.

त्या पोराने पैसे दिले होते ते परवान्याचे, शिकण्याचे नव्हे. सगळी गफलत इथे आहे.

आता हिशेब पाहू. परवान्याला लागणारी सरकारी फी फार नाही. केंद्राच्या नियमांत २०१६ साली जे दर ठरले त्याप्रमाणे शिकाऊ परवान्याचे १५० रुपये व त्याच्या परीक्षेचे ५० रुपये. पुढे पक्क्या परवान्याचे २०० आणि गाडी चालवून दाखवण्याच्या परीक्षेचे ३००. एका वर्गाच्या गाडीला एकूण ७०० रुपये. सेवाशुल्क वगैरेचे थोडे इकडेतिकडे होईल, पण ही फी सरकारच्या सारथी या संकेतस्थळावर थेट भरता येते आणि पावती आपल्या नावाची मिळते. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकावर घरबसल्या देता येते. ती पोराने स्वतः द्यावी. ‘तुमच्या वतीने आम्ही देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करावा, कारण रस्त्यावरच्या खुणांचा अर्थ पुढे त्यालाच लागायचा आहे.

मग वरचे पैसे कशाचे? ते शिकवणीचे असले पाहिजेत, आणि शिकवणी तासावर मोजली पाहिजे. ऊस आपण टनावर घालतो. काट्याची पावती हातात घेतल्याशिवाय आपल्यातला कोणी गाडी हलवत नाही, इथे मात्र काटाच न पाहता पैसे मोजून मोकळे होतो.

शिकवणीचा काटा कायद्याने ठरलेला आहे. परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलने खासगी गाडीचे प्रशिक्षण किमान २१ दिवस द्यावे आणि त्यात शिकाऊ माणसाच्या हाती प्रत्यक्ष गाडी किमान १० तास असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. कोणी किती तास चालवले याची नोंदवही शाळेने ठेवायची असते. तिला नमुना १५ म्हणतात. शाळेचा स्वतःचा परवाना नमुना ११ मध्ये असतो आणि तो दिसेल असा लावायचा असतो. पोराने आत गेल्यावर या दोन गोष्टी विचाराव्यात. ‘परवाना दाखवा, आणि माझे तास कोणत्या वहीत लिहिणार?’ एवढे बोलायला लाजू नये. या प्रश्नावर माणूस गडबडला तर पुढचे समजून घ्यावे.

भावही तासावर काढावा. समजा एकाने सगळे मिळून ४,५०० रुपये सांगितले. त्यातून सरकारी ७०० वजा केले, राहिले ३,८००. हँडल हातात मिळणार ४ तास, म्हणजे तासाला ९५० पडले. दुसऱ्याने ५,००० सांगितले, पण १० तास आणि तेही गिअरच्या गाडीवर. ७०० वजा जाता ४,३०० राहिले, तासाला ४३० पडले. वरवर महाग तो खरा स्वस्त निघाला. हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. तिथला भाव तिथे विचारावा, पण वजाबाकी-भागाकार हाच करावा.

पैसे एकदम देऊ नयेत, हे ऊस उत्पादकाला आम्ही काय सांगावे! मुकादमाला पुरी उचल दिली आणि टोळी आलीच नाही, हा अनुभव आपल्यापैकी किती जणांनी घेतला आहे. इथेही तीन हप्ते ठरवावेत. पहिला, पहिल्या दिवशी गाडी हातात मिळाल्यावर. दुसरा, निम्मे तास वहीत लिहून झाल्यावर. तिसरा, सर्व तास पुरे झाल्यावर आणि परीक्षेच्या आधी. परीक्षा पास होण्यावर शेवटचा हप्ता ठेवू नये असे आमचे मत आहे. ऐकायला ते बरे वाटते, पण मग शाळेवाल्याला शिकवण्यापेक्षा पास करून घेण्यातच रस उरतो, आणि ती वाट कुठे जाते ते वरच्या हकिकतीत आलेच आहे. सरकारी फी या हप्त्यांत मिसळू नये, ती आपण स्वतः भरावी. नापास झाल्यास पुढच्या परीक्षेसाठी गाडी कोण देणार आणि त्याचे वेगळे पैसे किती, हेही पहिल्याच दिवशी कागदावर घ्यावे. नापास झाले तर ७ दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाले तर मात्र ६० दिवस थांबावे लागते.

एक गैरसमज दूर करायला हवा. १ जून २०२४ पासून आरटीओची परीक्षा बंद झाली, शाळेचा दाखला आणला की भागते, अशी आवई उठली होती. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला की तसा काही नवा बदल झालेला नाही. परीक्षेतून सूट मिळते ती २०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यता मिळालेल्या मोठ्या प्रशिक्षण केंद्राच्या दाखल्यावर. नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दाखल्यावर मिळत नाही. आणि खासगी दुचाकीच्या परवान्यासाठी शाळेचा दाखला सक्तीचाही नाही. तेव्हा ‘आमच्याकडून घेतल्याशिवाय लायसन होतच नाही’ हे बोलणे खरे मानू नये.

मग शाळेत जावे की नाही? आम्हाला विचाराल तर कामाची वाटणी करावी. तोल सांभाळणे, क्लच सोडणे, गिअर टाकणे, इंग्रजी आठचा आकडा पाय न टेकता काढणे, हे गावाकडे मोकळ्या माळावर वडिलांनी नाहीतर चुलत्याने शिकवावे. त्याला पेट्रोलखेरीज खर्च नाही. दिवाळीच्या सुट्टीत शिकाऊ परवाना काढला तर तो सहा महिने, म्हणजे साधारण वैशाखापर्यंत चालतो आणि देशभर चालतो. पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते, त्यामुळे सुट्टीत येऊन सुट्टीतच पक्के लायसन घेऊन जाऊ, हा बेत कोणी करू नये. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ असावा, आणि शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज मागे कोणाला बसवू नये.

शहाडला जाऊन पैसे मोजायचे ते गर्दीत चालवायला शिकण्याचे. आपल्या माळावर जे शिकता येत नाही ते तिथे आहे. रेल्वेमार्गावरचा पूल घ्या. चढावर पुढची गाडी थांबली, मागे ट्रक टेकलेला, डावीकडून रिक्षा घुसते. अशा वेळी गाडी मागे न सरकू देता क्लच आणि ब्रेकवर धरून पुन्हा पुढे काढणे, हे माहीतगार माणूस मागे बसल्याशिवाय येत नाही. स्टेशनाजवळ माणसे कुठूनही रस्ता ओलांडतात. कंपनीची पाळी सुटली की रस्त्याचा नूरच बदलतो. म्हणून पहिले दोन-तीन तास रविवारी भल्या सकाळी, मग दोन तास पाळी सुटण्याच्या वेळेला, मग मुरबाड रस्त्याला वरप-कांब्याकडे एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर, अशी मागणी शाळेकडे आधीच करावी. सगळे तास एकाच रिकाम्या गल्लीत फिरवून भरले तर वहीत दहा दिसतील, अंगात दोनच उतरतील. माळशेजचा घाट या शिकवणीत धरू नये. पक्का परवाना मिळून एक पावसाळा सपाटीवर काढल्याशिवाय पोराने घाटातून गावी गाडी आणू नये, एस.टी. आहे.

परीक्षा कुठे द्यायची हेही आधी ठरवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यात जिथे राहतो किंवा काम करतो तिथून अर्ज करता येतो. शहाडच्या पोराला कल्याणचे परिवहन कार्यालय जवळ. गावी येऊन द्यायची तर जाण्यायेण्यासह दोन खाडे पडतात, तो खर्चही हिशेबात धरावा. परीक्षेला गिअरचीच गाडी न्यावी आणि तिचे नोंदणीपत्र, विमा, पीयूसी चालू असावी. गिअरचा परवाना असला की स्कूटरही चालवता येते, उलट चालत नाही. कार्ड आले की त्यावरचा गाडीचा वर्ग घरातल्या शिकलेल्या माणसाकडून त्याच दिवशी वाचून घ्यावा.

आता थोडे वडीलधाऱ्यांसाठी. गाडी बहुधा तुमच्या नावावर असते. परवाना नसलेल्या मुलाला तुम्ही ती दिली आणि त्याच्या हातून दुसऱ्याला अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई आधी देऊन नंतर ती तुमच्याकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात ही वाट स्पष्ट केली आहे. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर २०१९ पासून पालकाला अथवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. ‘दुकानापर्यंतच गेला होता’ हे तिथे ऐकून घेत नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत शेकडा ४४ हून जास्त दुचाकीवरची होती.

आणि आपल्यातले जे जुने सभासद वीस-वीस वर्षे बिनपरवाना गाडी फिरवत आहेत (आम्हाला माहीत आहेत, काळजी नसावी), त्यांनाही रस्ता हाच. चाळिशी ओलांडली असेल तर सोबत डॉक्टरचा दाखला लागतो, एवढाच फरक. मुलाबरोबर त्यांनीही अर्ज भरून टाकावा.

ज्यांना अर्ज भरायला अडचण येते त्यांनी आधार कार्ड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. शाळेने दिलेला दरपत्रकाचा कागद असेल तर तोही आणावा. तासाचा भाव तिथेच काढून देऊ.