खोडदच्या डिश आणि अवकाशातली ‘चंद्रा’ : विश्व फुगण्याचा वेग वाढलाय, हे तापलेल्या वायूवरून कसं कळलं?

नारायणगाव : जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरातल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या अवाढव्य डिश तालुक्याला नव्या नाहीत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा एकूण ३० डिश आहेत. त्यांच्यावर काय काम चालतं, हे मात्र अनेकांना नेमकं माहीत नसतं. त्यातलंच एक काम फेब्रुवारी २०२० मध्ये जगभर गाजलं. सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या भुजंगधारी दीर्घिका समूहात, तोवर सापडलेल्यांत सर्वांत मोठा स्फोट होऊन गेल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं.

या समूहात भरलेल्या तापलेल्या वायूत एक भलीमोठी पोकळी पडली आहे. आपल्यासारख्या १५ आकाशगंगा ओळीनं बसतील एवढी ती मोठी. पोकळीची कड ‘चंद्रा’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणींना दिसली. ती स्फोटामुळेच झाली, याचा पुरावा रेडिओ लहरींनी दिला. तो टिपण्यात ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीबरोबर खोडदची जीएमआरटीही होती.

ज्या वायूत ही पोकळी पडली, त्याच प्रकारच्या वायूवरून विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय याचाही हिशेब लागतो. तो कसा, ते पाहू.

दीर्घिका समूह म्हणजे काय?

आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या असतात, त्याला दीर्घिका समूह म्हणतात. साध्या दुर्बिणीतून फक्त दीर्घिका दिसतात आणि मधली जागा रिकामी वाटते. प्रत्यक्षात ती रिकामी नसते. तिथं १ ते १० कोटी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो. तो इतका विरळ, की एका घनमीटरमध्ये साधारण हजारभर कण. तरीही समूह एवढे विशाल असतात, की या वायूचं एकूण वजन सगळ्या ताऱ्यांच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भरतं.

इतका तापलेला वायू एक्स-रे बाहेर टाकतो. पृथ्वीचं वातावरण हे किरण अडवतं. जीवसृष्टीसाठी ते चांगलंच आहे, पण दुर्बिणीला त्यासाठी वर अवकाशात जावं लागतं. शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली ‘चंद्रा’ जुलै १९९९ मध्ये सोडली गेली. तिचे आरसेही वेगळे. एक्स-रे सरळ आरशावर आपटले तर आत घुसतात. म्हणून तळ्यात तिरका फेकलेला चपटा दगड पाण्यावरून टप्पे खात जातो, तसे ते आरशाला अगदी चाटून जातील अशी रचना केलेली असते.

वायूवरून अंतर कसं काढतात?

समूहात दिसणारं थोडं आणि न दिसणारं जास्त. साधारण ८५ टक्के वजन डार्क मॅटरचं, म्हणजे कृष्णद्रव्याचं. उरलेल्यात बहुतांश वायू आणि थोडेसे तारे. मोठ्या समूहांत वायूचं एकूण वस्तुमानाशी प्रमाण जवळपास सारखंच असायला हवं. पण हे प्रमाण काढताना समूहाचं अंतर आधी धरावं लागतं. अंतर चुकीचं धरलं, की प्रमाणही चुकतं.

सोप्या भाषेत, डेअरीवर एकाच कॅनमधलं दूध दहा भांड्यांत ओतलं तर फॅट सगळीकडे सारखंच लागायला हवं. मशीन प्रत्येक भांड्याला वेगळं दाखवत असेल, तर दूध बरोबर आहे, सेटिंग चुकलंय. इथं ‘सेटिंग’ म्हणजे अंतर. सगळ्या समूहांचं प्रमाण एकसारखं येईल अशी अंतरं शोधायची. ती मिळाली, की कोणत्या काळात विश्व किती वेगानं फुगत होतं हे उलगडतं.

२००४ मध्ये ‘चंद्रा’च्या निरीक्षणांतून १०० ते ८०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या २६ समूहांवर हे गणित मांडलं गेलं. निष्कर्ष असा, की प्रसरणाचा वेग आधी मंदावत होता. सुमारे ६०० कोटी वर्षांपूर्वी तो वाढू लागला. स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून १९९८ मध्ये हेच कळलं होतं. आता अगदी वेगळ्या वाटेनं तेच उत्तर आलं, म्हणून त्याला वजन आलं. वेग वाढवणाऱ्या या अज्ञात कारणाला डार्क एनर्जी, म्हणजेच कृष्ण ऊर्जा म्हणतात.

समूह मोजूनही कळतं

दुसरी पद्धत मोजणीची. गुरुत्वाकर्षण समूह वाढवतं, कृष्ण ऊर्जा ती वाढ रोखते. त्यामुळे कोणत्या काळात किती मोठे समूह होते, हे मोजलं की दोघांतल्या ओढाताणीचा अंदाज येतो. जर्मनीच्या ‘ई-रोसिटा’ दुर्बिणीनं निम्म्या आकाशात १२,२४७ समूह नोंदवले. त्यांतल्या ५,२५९ समूहांवरून काढलेले आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. विश्वाच्या प्रचलित मॉडेलशी ते जुळले.

हे आकडे फक्त पहिल्या सहा महिन्यांच्या निरीक्षणांतले होते. आकाशाच्या आठ फेऱ्या ठरल्या होत्या. पण ही दुर्बीण रशियाच्या यानावर बसवलेली. युक्रेन युद्ध पेटलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, पाचवी फेरी सुरू असतानाच, तिचं काम थांबवण्यात आलं. दुर्बीण बिघडली नव्हती, बिघडले ते देशादेशांतले संबंध.

खोडदला शांतता कशासाठी?

एक्स-रे तापलेला वायू दाखवतात, पण तो कशानं ढवळला गेला हे अनेकदा रेडिओ लहरींतूनच कळतं. दूरवरून येणाऱ्या या लहरी अतिशय क्षीण असतात. मोबाईल टॉवर, कारखान्यातली यंत्रं, रेल्वेच्या विजेच्या तारा यांच्या गोंगाटात त्या हरवतात. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत जीएमआरटीचा मुद्दा आला, तो याच कारणानं. रेल्वे ही तालुक्याची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. मात्र मार्ग आखता येतो, बदलताही येतो. कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलेली लहर गोंगाटात एकदा बुडाली, तर ती पुन्हा मागवता येत नाही.