रेघ खोडायची की ठेवायची?

१९५२ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पॉल-आंरी शोंबार द लोव यांनी पॅरिसवरच्या आपल्या ग्रंथात एक नकाशा छापला. शहराच्या सोळाव्या विभागात राहणारी एक विद्यार्थिनी वर्षभरात कुठेकुठे गेली, ते त्यात रेघांनी दाखवलं होतं. रेघांवर रेघा चढत गेल्या आणि मधोमध एक छोटा काळाकुट्ट त्रिकोण तयार झाला. त्याची तीन टोकं म्हणजे तिचं घर, राज्यशास्त्राचं विद्यालय आणि पियानोची शिकवणी. एवढ्या मोठ्या पॅरिसपैकी तिच्या वाट्याला आलं ते एवढंच. पुढे लेखक गी दबोर यांनी या नकाशाचा दाखला देऊन, माणसाचं जगणं इतकं आक्रसलेलं असावं याचा संताप व्यक्त केला. त्या मुलीला स्वतःला काय वाटत होतं, हे मात्र नकाशात कुठेच नाही. तिला पियानो आवडतही असेल!

तो नकाशा करायला कुणीतरी वर्षभर नोंदी ठेवल्या, मग कुणीतरी त्या हाताने रेखल्या. आता नोंदी खिशातला फोन ठेवतो आणि रेखाटन ॲप करून देतं. मग डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या हालचालींची माहिती देऊन, ‘कोड लिहा आणि याचं चित्र काढा’ असं का सांगायचं? कित्येक डिझाइन शाळांत आज असा स्वाध्याय दिला जातो. त्यामागचं माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण असं, की ॲपने दाखवलेल्या रेघेत डझनभर निर्णय कुणीतरी आधीच घेऊन टाकलेले असतात. कोड स्वतः लिहायला बसलं की ते एकेक करून आपल्यापुढे उभे राहतात.

अशी माहिती फोनमध्ये साठते, याचा बोभाटा झाला तो २०११ च्या एका गौप्यस्फोटाने. ॲलस्डेर ॲलन आणि पीट वॉर्डन या दोघांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की आयफोनमध्ये एक फाइल दडलेली आहे आणि तिच्यात कित्येक महिन्यांच्या ठिकाणांच्या नोंदी वेळेसकट साठल्या आहेत. गहजब झाला. ॲपलने खुलासा केला की त्या नोंदी फोनच्या स्वतःच्या जागेच्या नाहीत, आसपासच्या मोबाईल टॉवरच्या आणि वायफायच्या ठिकाणांच्या आहेत. इतका काळ त्या साठून राहिल्या, ही सॉफ्टवेअरमधली चूक. म्हणजे ‘हा माझा प्रवास’ म्हणून लोक जो नकाशा पाहत होते, तो बऱ्याच अंशी त्यांच्या वाटेवरच्या टॉवरांचा होता. त्याच सुमारास ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संशोधन विभागाने ‘ओपनपाथ्स’ नावाची सेवा सुरू केली. लोकांनी आपली ही माहिती तिथे कुलूपबंद ठेवावी, स्वतः पाहावी आणि वाटलं तरच एखाद्या संशोधकाला किंवा कलावंताला द्यावी, अशी ती कल्पना. आता ती सेवा बंद आहे. पण ‘माझ्या हालचालींची माहिती माझ्या हातात’ ही गोष्ट तिने पुष्कळांच्या डोक्यात बसवली.

माहिती हातात आली, तरी ती रेखायला साधन हवं. ते दहा वर्षं आधीच तयार झालं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जॉन माएदा यांच्याकडे शिकणाऱ्या बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं. चित्रकाराला, डिझाइनरला कोड लिहिता यावा, पहिल्या ओळीलाच पडद्यावर काहीतरी उमटावं, हा त्यामागचा हेतू. तोवर प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक वर्गांत पहिले कित्येक तास पडद्यावर अक्षरांखेरीज काही दिसत नसे. पुढे लॉरेन मॅकार्थी यांनी त्याच धर्तीवर ‘पी-फाइव्ह डॉट जेएस’ उभं केलं. ते थेट ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे कुठल्याही साध्या लॅपटॉपवर वर्ग घेता येतो.

आता प्रत्यक्ष फाइल उघडू. समजा, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने फोनमधल्या आपल्या महिन्याभराच्या नोंदी उतरवून घेतल्या. गूगलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये अक्षांशापुढे १८५२०४३०० असा आकडा दिसतो. याला एक कोटीने भागलं की १८.५२०४३०० मिळतात. दशांशचिन्हानंतर सात अंक! सातवा अंक जमिनीवर जेमतेम एका सेंटिमीटरचा. फोनला आपली जागा इतकी अचूक कळते? अजिबात नाही. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक पाचएक मीटर असते. त्याच नोंदीत खाली ‘अचूकता’ नावाचा आणखी एक आकडा असतो आणि बहुतेक जण त्याकडे बघतच नाहीत. तिथे २० लिहिलं असेल, तर अँड्रॉइडच्या व्याख्येप्रमाणे त्याचा अर्थ असा: या बिंदूभोवती २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, तुम्ही त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. उरलेल्या ३२ टक्क्यांत तुम्ही वर्तुळाच्या बाहेर आहात.

बिंदू पडद्यावर मांडायला पी-फाइव्हमध्ये ‘मॅप’ नावाची एक सोय आहे. एका पट्टीवरचा आकडा ती दुसऱ्या पट्टीवर नेऊन ठेवते. रेखांश ७३.७ ते ७४.० या पट्ट्यातला असेल, तर तो ० ते ८०० या पिक्सेलांत बसवायचा. अक्षांशाचंही तसंच. विद्यार्थिनी कोड चालवते, रेघ उमटते, आणि सिंहगड पुण्याच्या उत्तरेला जाऊन बसतो, आळंदी दक्षिणेला. कारण संगणकाच्या पडद्यावर उभी मोजणी वरून खाली होते, तर अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात. पट्टी उलटी लावली की सिंहगड जागेवर येतो. आपण बोलताना ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, संगणकाला मात्र आधी आडवा आकडा लागतो, म्हणजे रेखांश. बोलण्याच्या सवयीने कोड लिहिला तर अख्खं शहर कर्णरेषेवर पालथं पडतं. या दोन्ही चुका प्रत्येक वर्गात होतात आणि माझ्या मते त्या होऊ द्याव्यात. नकाशा म्हणजे जमीन नव्हे, कुणीतरी ठरवलेली मांडणी, हे व्याख्यानाने जितकं कळत नाही तितकं उलट्या सिंहगडाने कळतं.

यापुढची चूक पुण्यात लपून राहते. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटरचा, पण रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाता जाता आखडत जातो. पुण्यात तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो, ॲमस्टरडॅममध्ये अवघा ६८. दोन्ही अंश सारखेच धरले, तर पुण्याचं चित्र नकळत किंचित फुगतं, ॲमस्टरडॅमचं मात्र दीडपटीहून जास्त ताणलं जातं. तिथला विद्यार्थी लगेच विचारतो, ‘हे असं का?’ इथला विचारत नाही. शिक्षकाने मुद्दाम विचारायला लावावं लागतं.

मग वेळ. फाइलमधली घड्याळं बहुधा ग्रीनिचच्या वेळेची असतात. सकाळी नऊच्या तासाला पोहोचलेली मुलगी फाइलप्रमाणे पहाटे साडेतीनला कॉलेजात हजर असते. साडेपाच तास मिळवले की ती माणसात येते.

हे सगळं निस्तरल्यावर खरा पेच समोर येतो. चित्रात घराच्या जागी रेघांचा भला मोठा गुंता दिसतो. रात्रभर गाढ झोपलेली मुलगी चित्रात मात्र गल्लीभर नाचते आहे, मध्येच समोरच्या इमारतीत शिरते आहे. असं का होतं? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. प्रकाशाच्या वेगाने येणारा हा संदेश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. भिंतीवर आपटून, वळसा घेऊन आला की तेवढा उशीर अंतर म्हणून मोजला जातो आणि फोन जागचा हलतो. छताखाली तर संदेश क्षीणच असतो. मग फोन वायफाय आणि टॉवर यांच्या आधाराने अंदाज बांधतो आणि दर थोड्या वेळाने तो बदलतो.

विद्यार्थिनीचा पहिला आग्रह असतो की ही घाण काढून टाकू. काढता येते. अचूकतेचा आकडा ५० च्या वर असलेल्या नोंदी गाळा, जवळजवळचे बिंदू एकात मिळवा, की चित्र स्वच्छ. पण ५०च का, ३० का नाही? ३० धरले तर पेठेतल्या अरुंद बोळातून ती खरोखर चालत गेली होती, तो रस्ताही गाळणीत जातो. कारण दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे तिथे फोनची चूक नेहमीच मोठी. शहराचा जुना, दाट भाग चित्रातून पुसला जातो आणि रुंद रस्ते तेवढे उरतात. कुणी मुद्दाम केलेलं नाही, एका आकड्याने झालं. दुसरा मार्ग असा की बिंदूऐवजी प्रत्येक नोंदीचं वर्तुळच काढायचं, अगदी फिकट रंगात. खात्रीच्या जागी रंग दाट होतो, शंकेच्या जागी धुक्यासारखा पसरतो. तयार ॲपमध्ये ही सोय सहसा नसते, कारण ग्राहकाला शंका विकता येत नाही.

रिकाम्या जागांचंही असंच. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि फोनला आभाळ दिसेनासं होतं. नोंद एका तोंडाशी थांबते, दुसऱ्या तोंडाशी सुरू होते. साधा कोड दोन्ही बिंदू सरळ रेघेने जोडून मोकळा होतो. मग चित्रात नोंदलेला रस्ता आणि गृहीत धरलेला रस्ता एकाच जाडीचे, एकाच रंगाचे. फोन बंद पडल्यामुळे राहिलेली फट आणि मालकिणीने जाणूनबुजून बंद ठेवल्याची फट, याही सारख्याच दिसतात. तुटक रेघ काढावी, की जागा कोरी सोडावी? हल्ली असा कोड यंत्राकडूनही क्षणात लिहून घेता येतो आणि तो चालतोही. पण ‘बोगद्यात काय करू?’ हा प्रश्न त्याला आधी सुचून त्याने तुम्हाला विचारला, असं क्वचित होतं. म्हणून निदान पहिला कोड हाताने लिहिलेला बरा.

महिन्याच्या नोंदी नीट पाहिल्या की आणखी एक गंमत ध्यानात येते. हालचालींची म्हणवणारी ही माहिती बहुतांशी हालचाल न करण्याची आहे. घरी दहा तास, कॉलेजात सात तास, आणि या दोन ठिपक्यांमधल्या अर्ध्या तासाची तेवढी रेघ. नकाशावर मात्र रेघ लांबलचक दिसते आणि सात तासांचा एक ठिपका होतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रँड यांनी यावर तोडगा काढला होता. १९७० च्या सुमाराला त्यांनी नकाशा जमिनीसारखा आडवा ठेवला आणि वेळ त्यावर उभी चढवली. एका जागी थांबलेला माणूस इथे ठिपका राहत नाही, सरळ वर जाणारी उभी रेघ होतो. चालणारा तिरका चढतो, गाडीतला त्याहून आडवा होतो. दोघे मित्र चहाला भेटले की दोन रेघा जवळ येतात, थोडा वेळ जोडीने चढतात आणि फाकतात. हेगरस्ट्रँड यांना अशी चित्रं कागदावर काढावी लागली. पी-फाइव्हमध्ये तिसरी मिती जोडायला ओळी फार लागत नाहीत आणि चित्र माउसने फिरवूनही बघता येतं. या मांडणीत घराजवळचा तो गुंता एक थरथरता खांब होतो. खोडायची गरजच उरत नाही, उलट ती घरी केव्हा पोहोचली तेही कळतं.

नकाशाच पायाखाली न ठेवण्याचा प्रयोगही झाला आहे. २००२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एस्थर पोलाक आणि वाग या संस्थेने काही नागरिकांना जीपीएस यंत्रं दिली. काळ्या पडद्यावर फक्त त्यांच्या हिंडण्याच्या रेघा उमटू दिल्या. रस्ते, कालवे, नावं काही नाही. काही आठवड्यांत रेघांतूनच शहर ओळखू येऊ लागलं. ते शहर अर्थात त्या नागरिकांचं. जिथे त्यांच्यापैकी कुणी गेलं नाही, तिथे ॲमस्टरडॅम नव्हतंच.

आणि हाच या स्वाध्यायातला नाजूक भाग. विद्यार्थिनीचं चित्र वर्गात भिंतीवर लागतं, तेव्हा सगळ्यात गडद ठिपका तिचं घर असतं, हे सांगावं लागत नाही. नाव काढून टाकलं तरी भागत नाही. दीड दशलक्ष लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं आढळलं, की जागा आणि वेळ यांच्या फक्त चार जोड्या माहीत असल्या तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येतात. आकडे ढोबळ केले तर थोडा फरक पडतो, पण फारसा नाही. ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगभरातल्या धावपटूंच्या रेघांचा निनावी नकाशा प्रसिद्ध केला. दोनएक महिन्यांत ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या अंधाऱ्या भागांत लष्करी तळ त्यावर लख्ख दिसताहेत. धावणारे जवान तळाच्या कुंपणाला फेऱ्या मारत होते.

म्हणून हा वर्ग घेणाऱ्याने दोन पथ्यं पाळावीतच. मूळ फाइल विद्यार्थ्याच्या लॅपटॉपबाहेर जाता कामा नये आणि जिला आपल्या नोंदी वापरायच्या नाहीत तिला बनावट नोंदींवर काम करायची मुभा असावी, कारण न विचारता. बनावट नोंदींतूनही कधीकधी चांगली चित्रं निघतात. आणि खऱ्या नोंदींचं चित्र भिंतीवर लावायचं असेल, तर त्यालाही एक नमुना आहे. जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक या दोघी डिझाइनर वर्षभर दर आठवड्याला न्यूयॉर्क आणि लंडनहून एकमेकींना पोस्टकार्डं पाठवत होत्या. पुढच्या बाजूला आपल्या आठवड्याच्या माहितीचं हाताने काढलेलं चित्र, मागे ते कसं वाचायचं याची सूची. भिंतीवर कार्ड लावलं की पुढची बाजूच दिसते. प्रदर्शनाच्या दिवशी विद्यार्थ्यांनीही एवढंच करावं: चित्र भिंतीवर लावावं आणि कोणता रंग म्हणजे कोणती जागा, याची सूची आपल्याजवळ ठेवावी. कुणी विचारलं तर कुणाला किती सांगायचं, ते जिचं तिने ठरवावं.