फोनच्या बॅटरीला घरी 'जोड' दिली तर काय होतं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोनदा-तीनदा आलेली वाक्यं गाळली आहेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन आहेत ना? आणि फोन किती टक्क्यांवर आहे? वीसच्या खाली असेल तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पार्सल पोचवायचं काम करतो. म्हणाला, "दादा, माझा फोन चार वर्षांचा झालाय. सकाळी शंभर टक्के करून निघतो, दुपारी दोनला बंद. मॅप गेला की ऑर्डर गेली. एक व्हिडिओ बघितला, त्यात जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल काढून फोनच्या बॅटरीला जोडलाय. फोन दोन दिवस चालतो म्हणे. माझ्याकडे सोल्डरिंग गन आहे, लॅपटॉपची बॅटरी पण पडून आहे. करू का?"

मी लगेच लिहिलं, 'नको.' त्याचं उत्तर आलं, 'का पण?'

आणि हा प्रश्न रास्त आहे. नुसतं 'धोका आहे' म्हटलं की कुणी ऐकत नाही, कारण व्हिडिओत तो फोन खरंच चालतो. ते खोटं नाही. म्हणून आज त्या 'का'चं उत्तर नीट देतो.

०१:३० | बॅटरीच्या आत काय असतं?

आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीनं १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो.

आत दोन लांब पट्ट्या असतात. एक तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइट लावलेली, दुसरी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड लावलेली. दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा एक पडदा. तिन्ही मिळून सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करतात आणि त्यात एक द्रव भरतात. चार्ज करताना लिथियमचे कण पडद्यातून एका बाजूला जातात, फोन वापरताना परत येतात. झालं, एवढीच बॅटरी.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तो द्रव म्हणजे पाणी नाही, तो पेट घेणारा आहे. दुसरी, तो पडदा डोक्याच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका पातळ असतो. दोन्ही पट्ट्यांना एकमेकींपासून लांब ठेवणारी तेवढीच एक भिंत आहे.

आणि आत ऊर्जा किती? ५००० एमएएचची बॅटरी, ३.८५ व्होल्ट. गुणाकार केला तर १९ वॉट-तासांच्या वर जातो. म्हणजे ग्लासभर पाणी उकळीला आणता येईल एवढी. ती दिवसभरात हळूहळू बाहेर आली तर तुम्ही रील्स बघता. पडदा फाटून काही सेकंदांत बाहेर आली तर मात्र तुमचा खिसा पेटतो.

कसा पेटतो तेही बघा. बॅटरी साधारण ८० ते १२० अंशांपर्यंत तापली की ग्राफाइटवरचा संरक्षक थर मोडायला लागतो, त्यातून आणखी उष्णता निघते. १३० च्या आसपास पडदा वितळतो. मग दोन्ही पट्ट्या भिडतात, तापमान झपाट्यानं वर जातं आणि कोबाल्ट ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटायला लागतो. म्हणजे इंधन आत, ऑक्सिजनही आतच. एकदा ही साखळी सुरू झाली की चार्जर काढून ती थांबत नाही.

०३:५० | पहारा कोण देतं?

मग आपले फोन रोज का पेटत नाहीत? कारण पहारेकरी आहेत.

बॅटरीच्या वरच्या कडेला, टेपखाली, बोटाच्या पेराएवढी एक सर्किटची पट्टी असते. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर गेलं, फार खाली गेलं किंवा शॉर्ट झालं, की ती बॅटरीचा संबंध तोडते. दुसरा पहारेकरी म्हणजे तापमान सांगणारा छोटा सेन्सर. बॅटरी तापली की फोन चार्जिंग हळू करतो किंवा बंद करतो. तिसरा पहारेकरी फोनच्या आत, चार्जिंग सांभाळणारी चिप. तिला तिच्याच बॅटरीचा हिशेब माहीत असतो, दुसऱ्या कुठल्या नाही.

आता व्हिडिओतला कुठलाही जुगाड घ्या. त्यात यांपैकी कुणाला तरी झोपवलेलं असतं नाहीतर फसवलेलं असतं. आपण एकेक बघू.

०५:०० | लॅपटॉपचा सेल जोडणं

आपल्या मित्राचा प्रश्न हाच होता. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत गोल सेल निघतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. म्हणून त्यांना १८६५० म्हणतात.

फोनच्या बॅटरीवरचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच नव्या फोनवर चार्जिंगची मर्यादा ४.४ किंवा ४.४५ व्होल्ट लिहिलेली असते. लॅपटॉपच्या जुन्या गोल सेलची मर्यादा बहुतेक वेळा ४.२ असते. फरक किरकोळ वाटतो ना? पण फोनला माहीतच नाही की मागे पाहुणा आलाय. तो रोज रात्री आपल्या हिशेबानं ४.४५ पर्यंत भरणार. म्हणजे तो गोल सेल रोज रात्री मर्यादेबाहेर भरला जाणार. आणि लॅपटॉपच्या बॅटरीतली पहाऱ्याची पट्टी? ती तर सेल काढताना तुम्ही बाजूला टाकलीत.

जास्त भरलेल्या सेलमध्ये लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता वरच धातू म्हणून साचतं. त्याचे सुईसारखे काटे वाढत जातात. आणि पडदा किती पातळ आहे ते आपण आत्ताच बोललो.

अजून एक. समजा जोडताना एक सेल ४.१ व्होल्टवर आहे आणि दुसरा ३.६ वर. मध्ये काहीच अडवायला नाही. दोघांचा मिळून रेझिस्टन्स ०.१ ओहम धरला तर पहिल्याच क्षणी ५ अँपिअरचा लोंढा एकातून दुसऱ्यात जातो. तुम्ही अजून फोन चालूही केलेला नसतो.

आणि सोल्डरिंग? गनचं टोक तीनशे अंशांच्या वर तापलेलं असतं, पडदा १३० ला वितळतो. म्हणूनच कारखान्यात सेलला वायर सोल्डर करत नाहीत, क्षणभराचं स्पॉट वेल्डिंग करून पट्टी चिकटवतात.

०७:०० | बाकीचे जुगाड

*सेन्सरला फसवणं.* 'चार्जिंग स्लो होतंय? हा रेझिस्टर लावा!' यात तापमानाच्या सेन्सरच्या जागी एक साधा रेझिस्टर बसवतात. मग फोनला बॅटरी कायम थंडच वाटते. चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असोत, बॅटरी हाताला चटका देत असो, फोन म्हणणार सगळं छान आहे. ताप आलाय म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार.

*मेलेल्या बॅटरीला झटका देणं.* महिनोन्‌महिने पडून असलेली बॅटरी चार्जच होत नाही, म्हणून चार्जरची वायर कापून थेट सेलला लावतात. पट्टीनं ती बॅटरी मुद्दाम बंद केलेली असते. फार खाली उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. तो परत चार्ज केला की तांबं नको तिथे जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्टची तयारी होते. बॅटरी 'जिवंत' झाली म्हणून तुम्ही खूश, आणि ती उशाशी.

*फुगलेल्या बॅटरीला टोचणं.* हा सगळ्यात वाईट. गॅस काढला की बॅटरी सपाट होते, कव्हर बसतं. पण सुई आत कुठवर गेली हे दिसत नाही. पडद्याच्या पार गेली तर तिथल्या तिथे भडका. शिवाय आत आता हवा आणि दमट शिरतो. त्या द्रवातल्या लिथियमच्या क्षाराचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. हा वायू डोळ्यांना, फुप्फुसांना इजा करतो.

*फ्रीजरमध्ये ठेवणं.* यानं आयुष्य वाढत नाही. थंडीतून काढल्यावर बाष्प जमतं, आणि थंड सेल तसाच चार्ज केला तर परत तेच, लिथियम वर साचतं.

०८:४० | "पण माझ्या मित्राचा सहा महिने चालतोय!"

हे मला हमखास ऐकवतात. चालत असेल. काटे एका रात्रीत वाढत नाहीत. व्हिडिओ दहा मिनिटांचा असतो, बॅटरी मात्र पुढचं वर्षभर तुमच्या खिशात असते. व्हिडिओवाल्यानं तो फोन नंतर वापरला की नाही, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आणि चूक किती बारीक असावी लागते? सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ आठवा. ऑगस्ट २०१६ मध्ये आला. फोन पेटायला लागले, सप्टेंबरमध्ये सुमारे २५ लाख फोन परत मागवले. दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या घालून बदली फोन दिले, तेही पेटले. ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद केलं. आपल्याकडेही तो विमानात चालू करायला मनाई झाली होती. जानेवारी २०१७ मध्ये कारण जाहीर झालं. एका कंपनीच्या बॅटरीत कोपऱ्यावर पट्टी वाकली होती, दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीत वेल्डिंगचे बारीक टोकदार कण राहिले होते, काहींत तर इन्सुलेशनची टेपच नव्हती.

एवढंच. वाकलेला कोपरा आणि वेल्डिंगचा कण. स्वच्छ कारखाना, एक्स-रे मशीन, हजारो इंजिनिअर असून हे सुटलं. आपण तर जेवणाच्या टेबलावर बसून करतोय!

१०:१० | मग करायचं काय?

आता कामाचं बोलू. आपल्या मित्राची अडचण खरी आहे, फोन बंद पडला तर त्याचा रोज बुडतो.

एक, नवी बॅटरी. चार वर्षांत बॅटरी झिजतेच. बऱ्याच फोनची बॅटरी ५०० ते ८०० वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. ती बदलली की फोन पुन्हा पहिल्यासारखा चालतो, आणि खर्च नव्या फोनच्या मानानं फारच कमी येतो. शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. बाहेरून घेतलीत तर बॅटरीवर बीआयएसचा शिक्का, आयएस १६०४६ हे मानक आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तोही अर्ध्या मिनिटात.

दोन, पॉवर बँक. तुम्हाला 'जोड'च हवी होती ना? ही ती जोड, फक्त पहारेकऱ्यांसकट. १०,००० एमएएचची घेतलीत तर ५००० चा फोन दोनदा भरेल असं समजू नका. व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत बरंच जातं, सव्वा ते दीड वेळा भरतो. कामाच्या दिवसाला तेवढं पुरतं. आणि बाजारात '९९०० एमएएच' लिहिलेले स्वस्त गोल सेल दिसले तर हसून पुढे जा. या आकाराचे चांगले सेल साधारण २००० ते ३६०० चे असतात.

तीन, ऊन. बाइकच्या हँडलवर फोन, मॅप चालू, ब्राइटनेस फुल, वरून चार्जिंग. बॅटरी मारायची याहून चांगली पद्धत नाही. सावली करा, मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, थांबलात की फोन पिशवीत टाका. चार्जिंग तेव्हा करा.

चार, रात्रीचं चार्जिंग. अनेक फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर थांबायची सोय आहे. सुट्टीच्या दिवशी ती चालू ठेवा. आणि फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

१२:०० | फुगली असेल तर, पेटली तर

मागचं कव्हर उचललं गेलंय, स्क्रीन कडेनं वर आलीय, फोन टेबलावर गरगर फिरतोय? बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद, फोन बंद. दाबू नका, टोचू नका. पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुकानात न्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरागाडीत ती दाबली गेली तर तिथे काम करणाऱ्या माणसाच्या तोंडावर पेटेल. ई-कचरा संकलन केंद्रात किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

धूर किंवा फुसफुस आवाज आला तर हातात धरून बघत बसू नका, सोडा आणि मागे व्हा. चार्जरला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. मग सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओता. बॅटरी स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच देते, त्यामुळे नुसती झाकून ती विझत नाही, तिला गार करावं लागतं. धूर छातीत जाऊ देऊ नका, खिडक्या उघडा. आग आवरत नसेल तर बाहेर पडा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका, डॉक्टरांकडे जा.

तर मित्रा, हे तुझ्या 'का'चं उत्तर. सोल्डरिंग गन विकू नकोस, हात चालतोय ही चांगली गोष्ट आहे. इअरफोनची तुटलेली वायर जोड, जुना रेडिओ उघड, मजा कर. फक्त लिथियमच्या सेलला तिचं टोक लावू नकोस. आणि ती लॅपटॉपची बॅटरी घरात पडून आहे म्हणालास, तीही या रविवारी केंद्रात देऊन ये.

तुमच्या ओळखीत कुणी असा जुगाड केला असेल तर हा भाग त्याला पाठवा. भांडू नका, फक्त पाठवा. पुढच्या भागात भेटू. आणि हो, फोन चार्जिंगला लावून ऐकत असाल तर एकदा मागे हात लावून बघा, किती तापलाय ते.