मोडलेल्या शेपटाची साक्ष

विमान कोसळल्याची वार्ता कानी आली की आपण लगेच विचारतो, चूक कोणाची? वैमानिकाची की यंत्राची? आज ज्या अपघाताविषयी बोलावयाचे आहे त्यात वैमानिक अनुभवी होता, आणि विमानही आपल्या मूळ कामात नाणावलेले होते. चूक निराळ्याच ठिकाणी दडली होती.

दिनांक २४ जानेवारी १९६३. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वेस्टओव्हर तळावरून बी-५२ जातीचे एक बाँबफेकी विमान सरावासाठी निघाले. आत नऊ माणसे होती. उत्तरेकडील मेन राज्याच्या बर्फाच्छादित डोंगरांवरून, जमिनीला लगटून उडण्याचा तो सराव होता.

एवढे अवाढव्य विमान इतक्या खालून का उडवायचे? १९५२ साली बी-५२ने प्रथम उड्डाण केले, तेव्हा त्याचे सारे बळ उंचीत होते. पन्नास हजार फुटांच्या आसपास तोफांचा मारा पोचत नसे. पण क्षेपणास्त्रे आली आणि ती उंची निर्धोक राहिली नाही. १ मे १९६० रोजी रशियाने अमेरिकेचे अत्युच्च उडणारे यू-२ हे टेहळणी विमान पाडले. रडारचे किरण मात्र सरळ रेषेत जातात. डोंगराआड काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. म्हणून उंचीसाठी बांधलेल्या त्याच विमानाला आता दऱ्याखोऱ्यांतून लपतछपत जाण्याचे काम मिळाले.

वरची हवा विरळ आणि बहुधा शांत असते. खालची दाट असते, आणि डोंगर ओलांडताना ती खवळते. नदीच्या पात्रातील खडकामागे पाणी कसे भोवरे घेते ते आपण पाहिले आहे. डोंगरापलीकडे वाराही तसाच घुमतो. चांगल्या सडकेवर वर्षानुवर्षे टिकणारा टांगा नांगरलेल्या शेतातून भरधाव हाकला, तर त्याचा आस किती दिवस तग धरील?

या विमानाच्या उभ्या शेपटाचे टोक जमिनीपासून सुमारे ४८ फूट उंच होते. बाणाला मागे पिसे असतात म्हणून तो सरळ जातो. विमानाच्या उभ्या शेपटाचेही कार्य तेच. एलिफंट नावाच्या पर्वताजवळ, सुमारे पाचशे फुटांवरून जाताना विमानाला हिसके बसू लागले. वैमानिकाने ते वर घेण्याचा यत्न केला. तोच स्फोटासारखा आवाज झाला आणि शेपूट तुटून गेले. विमान उजवीकडे कलंडले. वैमानिकाने सर्वांना उडी घेण्याची आज्ञा दिली. पण खालच्या मजल्यावरील आसने खालच्या दिशेने बाहेर फेकली जात, आणि जमीन तर हाताशी आलेली! तिघेच बाहेर पडू शकले. त्यांपैकी सहवैमानिक झाडावर आदळून मरण पावला. एकाची हवाई छत्री उघडलीच नाही. तो आसनासकट खोल बर्फात पडला आणि वाचला. हाडे गोठविणाऱ्या थंडीत रात्र काढल्यावर तो आणि मुख्य वैमानिक यांची सुटका झाली. सात जण मात्र परतले नाहीत.

पुढे १० जानेवारी १९६४ रोजी बोइंग कंपनीने मोजमापाची उपकरणे बसवून एक बी-५२ मुद्दाम अशाच खवळलेल्या हवेत नेले. त्याचेही उभे शेपूट बव्हंशी उडून गेले! चाचणी-वैमानिक चक फिशर यांनी सुमारे सहा तास ते सांभाळून आर्कान्सासमध्ये सुखरूप उतरविले. वाऱ्याचा खरा जोर किती, हे आता आकड्यांत हाती आले. पण अवघ्या तीनच दिवसांनी मेरीलँडमधील सॅव्हेज पर्वतावर दोन अणुबाँब वाहून नेणारे आणखी एक बी-५२ शेपूट तुटून पडले. त्यात तिघे दगावले. बाँब फुटले नाहीत, हे नशीब. त्यानंतर शेपटाचे सांधे बळकट करण्यात आले.

यात चूक कोणाची? काम बदलले, पण त्या कामाचा भार यंत्राला पेलेल का, याचा हिशेब मागाहून झाला. मोजमापाच्या उपकरणांनी १९६४ साली जे सांगितले, ते विचारण्याची गरज पहिल्या खालच्या उड्डाणापूर्वीच होती. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या पुलावर मालमोटारी सोडताना आपणही हा प्रश्न विचारतो काय? नाही विचारला, तर तो पूलच एक दिवस उत्तर देतो.