ॲप चांगलं की वाईट, ते बांधावर कळतं

नाशिक : २०२३ चं कांदा अनुदान अजून कोणी विसरलेलं नाही. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, तेही २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे एका शेतकऱ्याचे जास्तीत जास्त ७० हजार. पण अट होती सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची, आणि ती करायची ई-पीक पाहणीच्या ॲपवरून. हातात बाजार समितीची पावती, पण सातबारा कोरा, असे कितीतरी जण निघाले. शेवटी गावपातळीवर समिती नेमून खात्री करायची वाट शासनाला काढावी लागली.

'शेतकऱ्याला मोबाइल येत नाही,' असं लगेच म्हटलं जातं. मला ते पटत नाही. व्हॉट्सॲपवर बाजारभाव बघणारा, यूपीआयने खताचे पैसे देणारा माणूस तोच आहे ना?

ॲप वापरायला कसं आहे हे मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२४१. काम पुरं होतं का, वेळ आणि मेहनत किती लागते, वापरणारा समाधानी आहे का, हे त्यात बघतात. शिवाय कोण वापरतंय आणि कुठे, हेही धरायचं असतं. गोम इथेच आहे. ऑफिसच्या वायफायवर दोन मिनिटांत होणारं काम भर उन्हात, स्क्रीन दिसत नसताना, रेंजची एकच कांडी असताना किती वेळ खातं? पिकाचा फोटो तर त्याच गटात उभं राहून काढायचा असतो.

२०२२ मध्ये या ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करायची सोय दिली. छोटी गोष्ट, पण रंगीत बटणांपेक्षा मोलाची. मागे एका ऑनलाइन अर्जात शेवटच्या पानावर मला नुसता 'एरर' दिसला. काय चुकलं ते नाही, वर भरलेलं सगळं पुसलं गेलं. फोटोची साईज जास्त होती, हे तिसऱ्यांदा भरताना कळलं.

तपासणीला फार खर्च लागत नाही. जेकब नीलसन या डॅनिश तज्ज्ञाने २००० सालीच लिहिलंय, की पाच जणांना वापरायला देऊन नुसतं बघत बसलं तरी बहुतेक अडचणी दिसतात. फक्त ते पाच जण मंत्रालयातले नकोत. सुरगाण्याचा भातवाला, येवल्याची कांदा लावणारी ताई, जाड चष्म्याचे एखादे आजोबा, असे घ्या.

तोवर आपण एवढं करू. कुठे अडकलो त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवायचा आणि तलाठ्याकडे तोंडी नाही, लेखी द्यायचं. ॲप 'नोंद झाली' म्हणालं तरी काही दिवसांनी महाभूलेखवर सातबारा उघडून पीक चढलंय का ते बघायचं. नुसतं बघायला पैसे पडत नाहीत.