प्रॅक्टिकल नेमबाजीचे पिस्तूल : निवड, जुळवणी आणि वापर

पिस्तूल नेमबाजी म्हटले की आपल्याला राही सरनोबतचा २५ मीटरचा प्रकार आठवतो. तिथे उभे राहण्याची जागा ठरलेली, अंतर ठरलेले आणि एका हातात .२२ चे पिस्तूल. प्रॅक्टिकल नेमबाजीत यातले काहीच ठरलेले नसते. स्पर्धक होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, दोन्ही हातांनी धरतो, आडोशामागून नेम धरतो, पुढच्या जागी धावतो आणि धावतानाच मॅगझिन बदलतो. १९७६ साली अमेरिकेतील मिझुरी राज्यात, कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग हे तिचे ब्रीद. पिस्तूल निवडताना या तिघांची ओढाताण कशी होते, ते आपण पाहू.

सुरुवात पिस्तुलापासून नव्हे, गुणांपासून करायची. कागदी लक्ष्यावर ए, सी आणि डी असे भाग असतात. ए भागाला नेहमी ५ गुण. सी आणि डीचे गुण मात्र काडतुसाच्या शक्तीवर ठरतात : ‘मेजर’ शक्तीला ४ आणि २, ‘मायनर’ला ३ आणि १. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की हिट फॅक्टर मिळतो, आणि ज्याचा हिट फॅक्टर सर्वांत जास्त तो ती स्टेज जिंकतो.

समजा, एका स्टेजमध्ये १२ गोळ्या झाडायच्या आहेत. मायनर पिस्तुलाच्या स्पर्धकाने ९ ए आणि ३ सी मारले, म्हणजे ५४ गुण. वेळ ६ सेकंद. हिट फॅक्टर ९. नेमके हेच नेम मेजर पिस्तुलाने साधले असते तर ५७ गुण मिळाले असते, आणि हिट फॅक्टर ९ राखायला ६.३३ सेकंद पुरले असते. मेजरच्या जास्त धक्क्यामुळे १२ गोळ्यांमध्ये मिळून एक तृतीयांश सेकंदापेक्षा कमी वेळ वाया जात असेल तर मेजर फायद्याचे, नाहीतर मायनर. आता एकच सी लागला असे धरून हेच गणित पुन्हा करा. सवलत जेमतेम ०.११ सेकंदाची उरते. म्हणजे ज्याचा नेम पक्का आहे त्याला मेजरचा फायदा सर्वांत कमी! नवशिक्यांना नेमके उलटे वाटत असते.

शक्ती मोजण्याची पद्धतही सोपी आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये आणि वेग फूट प्रतिसेकंदात घेऊन गुणाकार करायचा, १००० ने भागायचे. हा पॉवर फॅक्टर. मायनरला किमान १२५ लागतो, स्टँडर्ड विभागात मेजरला १७०, ओपनमध्ये १६०. स्पर्धेत तुमच्याच काडतुसांचे नमुने घेऊन वेग मोजतात. मेजर म्हणून नोंदवलेले काडतूस कमी भरले तर मायनरचे गुण मिळतात, आणि १२५ च्याही खाली गेले तर गुणच नाहीत. म्हणून जाणते स्पर्धक १२६ वर थांबत नाहीत, १३० च्या आसपास राहतात.

विभागानुसार पिस्तूल बदलते. ओपनमध्ये लाल ठिपक्याची ऑप्टिक साइट आणि नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर चालतो. हा कॉम्पेन्सेटर वायू वरच्या दिशेने सोडून नळी खाली दाबतो. स्टँडर्डमध्ये दोन्ही नाहीत, शिवाय मॅगझिनसह पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. प्रॉडक्शनमध्ये कारखान्यातून आलेली पिस्तुले, बदल अगदी मोजके आणि गुण सर्वांना मायनरचेच. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण इथे पैशाने वेग विकत घेता येत नाही. भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर असल्याने सामान्य परवानाधारकाला असे पिस्तूल मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता जुळवणी. इथे लोक ट्रिगरमागे लागतात, पण आधी पाहायची ती रिकॉइल स्प्रिंग. स्प्रिंग फार नरम असेल तर स्लाइड जोरात मागे आदळते आणि फ्रेमला मार बसतो. फार कडक असेल तर स्लाइड बंद होताना नळीचे टोक खाली झुकते. आपल्याला धक्का कमीत कमी नको आहे. पुढची साइट दर वेळी त्याच जागी परत यायला हवी आहे. गोळीच्या वजनाचेही तसेच. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगाने आणि १४७ ग्रेनची ८८५ फूट वेगाने, दोन्हींचा पॉवर फॅक्टर १३० च. जड गोळीला बारूद कमी लागते आणि धक्का अनेकांना मऊ वाटतो. काहींना मात्र स्लाइड सुस्त झाल्यासारखी वाटते. हे हातानेच ठरवायचे.

ट्रिगरचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. हॅमर जिथे अडकतो ते पृष्ठभाग जास्त घासले गेले तर एकदा दाबल्यावर दोन गोळ्या सुटू शकतात. अंतर्गत सुरक्षा यंत्रणा तर कधीच काढू नये. असे पिस्तूल स्पर्धेतून बाजूला काढले जाते, आणि ते योग्यच आहे.

वापरात वेळ वाचतो तो हालचालींत : होल्स्टरमधून काढणे, मॅगझिन बदलणे, नव्या जागी पोहोचण्याआधीच पिस्तूल डोळ्यांसमोर आणणे. हे सगळे रिकाम्या पिस्तुलाने घटवता येते. काडतुसे मात्र दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि चेंबर दोनदा तपासावे. सरावात एक गोष्ट मुद्दाम पाहावी, किंवा मित्राला मोबाइलवर चित्रित करायला सांगावी : धावताना आणि मॅगझिन बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, स्पष्ट दिसेल असे आहे का? नळी मागच्या दिशेला वळली किंवा चुकून गोळी सुटली तर त्या एका स्टेजपुरते नव्हे, सबंध स्पर्धेतून बाद करतात. घाईत मॅगझिन बदलताना नळी बाजूला वळते ती बहुधा उजवखोऱ्याने डावीकडे धावताना, म्हणून ती हालचाल आधी सावकाश बसवावी.