द्राक्षाच्या पेटीमागचे कामकाज

व्यवसाय म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो भांडवलाचा. कर्ज कोठून मिळेल, जामीन कोण राहील, सबसिडी किती, यावर घरोघर चर्चा होते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आपल्या अनेक सभासदांना तोंडपाठ आहेत. परंतु कर्ज मिळाल्यावर, दुकानाचे शटर उघडल्यावर, सकाळपासून रात्रीपर्यंतचे काम कोणत्या क्रमाने व किती वेगाने चालवायचे, याचा विचार फारसा होत नाही. गिऱ्हाईक आहे, माल आहे, पण तो वेळेवर हातात पडत नाही म्हणून चांगले सुरू झालेले धंदे बंद पडताना आम्ही पाहिले आहेत. कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंतच्या या व्यवस्थेला ऑपरेशन्स मॅनेजमेंट म्हणतात. आपण त्याला कामकाजाचे व्यवस्थापन म्हणू.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय बहुधा मोटारीच्या कारखान्यावरून शिकवला जातो. तसे कारखाने सातपूर-अंबडला आहेतच. पण आम्हा नाशिककरांना त्याहून जवळचे आहे ते द्राक्ष. निफाड, दिंडोरी भागातील निर्यातीची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात. द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही व गोडही होत नाही. तोडल्या क्षणापासून ते फक्त सुकत जाते. त्यामुळे येथे कामाची चूक लपत नाही.

काम कसे चालते ते पाहू. सकाळच्या गारव्यात घड तोडून क्रेटमध्ये ठेवतात. पॅकहाऊसमध्ये भगिनी बारीक कात्रीने खराब मणी काढतात. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचे नाही, कारण वरची पांढरट लव पुसली की मालाची शोभा जाते. मग वजन करून माल पेटीत भरतात, वर बुरशी रोखणारा गंधकाचा कागद ठेवतात. नंतर पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत जातात. तेथे झोताच्या थंड हवेने फळातली उष्णता काढून घेतात व मगच शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहात माल ठेवतात.

आता थोडे गणित करू. समजा, सकाळी 9 ते 5 या वेळात तासाला 2 टन, म्हणजे दिवसाला 16 टन माल पॅक होतो. प्रीकूलिंगची खोली एकच आहे. तीत 6 टन मावतात व थंड व्हायला 6 तास लागतात. पहिले 6 टन दुपारी 12 ला आत जातील व सायंकाळी 6 ला बाहेर येतील. दुसरे 6 टन दुपारी 3 ला तयार होऊनही 6 वाजेपर्यंत थांबतील व मध्यरात्री बाहेर येतील. उरलेले 4 टन 5 वाजता तयार, पण आत जाणार मध्यरात्री. म्हणजे 7 तास फळ उष्म्यात पडून! अशा वेळी मालक बहुधा पॅकिंगवर आणखी माणसे लावतो. त्याने काय होते? खोलीबाहेरची रांग तेवढी वाढते.

साऱ्या कामाचा वेग हा सर्वात संथ टप्प्याचा वेग असतो. पुस्तकात या टप्प्याला बॉटलनेक म्हणतात. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने 1984 साली ‘द गोल’ ही चक्क कादंबरी लिहून हेच समजावले. उपाय दोन: दुसरी खोली बांधा, किंवा खोलीच्या हिशेबाने तोडणी करा. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्याला फक्त वेळापत्रक. फळ क्रेटपेक्षा वेलीवर सुरक्षित असते. म्हणून जहाजाची तारीख आधी पाहायची, तेथून मागे मोजत यायचे आणि तोडणीचा दिवस ठरवायचा. पुढच्या टप्प्याला हवे तेवढेच मागच्याने द्यायचे, हीच गोष्ट टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी रुजवली.

गुणवत्तेची गोष्ट वेगळी. ती शेवटी तपासून येत नाही. 2010 साली नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि शेतकऱ्यांचे व निर्यातदारांचे फार मोठे नुकसान झाले. पेटी सुबक होती, माल गोड होता. दोष कित्येक आठवड्यांपूर्वी बागेतल्या फवारणीत शिरला होता. अपेडा या केंद्रीय संस्थेने 2006 मध्येच ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था सुरू केली होती. तिच्यामुळे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. पण जे रसायन तपासायच्या यादीतच नव्हते, ते कागदोपत्री कसे सापडणार?

विद्यार्थी मित्रांना आणखी एक सांगावेसे वाटते. पुस्तकात कात्रीवाल्या भगिनींचा उल्लेख ‘मनुष्यबळ’ एवढाच येतो. किलोवर मजुरी दिली की हात भराभर चालतो, मणी दुखावतो, आणि एक कुजका मणी वाटेत अख्खा घड नासवतो. मजुरी कशी द्यायची हा हिशेबनिसाचा प्रश्न वाटतो, परंतु तो आधी कामकाजाचा प्रश्न आहे.

हे सारे मोठ्या व्यवसायांपुरतेच आहे असे समजू नये. गेल्या स्नेहमेळाव्यात आमची जेवणाची रांग फाटकाबाहेर गेली होती. आम्ही घाईने वाढप्यांची संख्या चारवरून आठ केली. रांग हलली नाही, कारण पुऱ्यांची कढई एकच होती आणि आठही वाढपी तिच्याभोवती रिकामी ताटे घेऊन उभे राहिले. यंदा वाढपी चारच ठेवले आहेत. भांडीवाल्याकडे दुसरी कढई सांगून ठेवली आहे, आणि तिच्यासाठी शेगडी व तळणाराही.